कलत्या घरात पान मांडताना

घरासाठी जेवणाचे टेबल घ्यायचे झाले, म्हणजे आपण शहरातली मध्यम स्थितीतली माणसे दुकानदाराला फार तर दोन प्रश्न विचारतो. किती माणसे बसतील आणि किती पैसे पडतील. घर एका अंगाला वीस अंश कलले तर ह्या टेबलाचे काय होईल, हा तिसरा प्रश्न आपल्याला सुचत नाही. आणि सुचलाच, तर दुकानदार आपल्याकडे जरा काळजीने पाहील. परंतु जगात अशीही घरे आहेत की ज्यांत हा तिसरा प्रश्नच पहिला असतो. शिडाच्या होडीची केबिन हे तसले घर. वारा एका बाजूने भरला की होडी दुसऱ्या बाजूला कलते, आणि एकदा कलली की वारा फिरेपर्यंत तासन्‌तास तशीच कललेली राहते. माणसाने त्या उतारावरच स्वयंपाक करायचा, झोपायचे आणि जेवायचे.

हे सगळे मला ठाऊक असण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. मी मराठी शिकवतो. आमचे गाव शिरपूर जैन. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात ते आहे, आणि तिथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर. शिरपूरच्या पोराला समुद्र भेटतो तो भूगोलाच्या नकाशात, निळ्या रंगाच्या रूपाने. पण माझा भाचा नोकरीच्या निमित्ताने गोव्यात गेला, तिथेच रमला, आणि दोन मित्रांबरोबर त्याने एक जुनी, बत्तीस फुटी, शिडाची होडी विकत घेतली. आमच्या घराण्यात ह्यापूर्वी कोणी बैलगाडीपेक्षा मोठे वाहन भागीदारीत घेतलेले नव्हते!

होडी चांगली निघाली, पण तिच्यातले टेबल वाईट निघाले. एका लोखंडी पायावर उभे, वरची फळी प्लायवुडची, कोपरे काटकोनात कापलेले. एका रविवारी मांडवीच्या पात्रात एक बार्ज जवळून गेली. तिच्या लाटेने होडी एकदम डोलली, आणि भाच्याचा सहा वर्षांचा मुलगा बाकावरून त्या टेबलावर फेकला गेला. टेबलाचा पाय चार स्क्रूंसह तळाच्या फळीतून उपटून आला. पोराच्या भुवईला दोन टाके पडले. पोर दुसऱ्या दिवशी विसरले. त्याची आई विसरली नाही. ‘टेबल बदला, नाहीतर होडी विका,’ असे तिने सांगितले, आणि त्यानंतर सहा महिने होडीवर पाऊल ठेवले नाही. मला विचाराल तर तिचे म्हणणे अगदी रास्त होते.

अशा रीतीने टेबलाचा प्रश्न आमच्या घरात आला. तो शिरपुरात कसा आला, तेही सांगितले पाहिजे. माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, शिरपूरलाच राहते. तिच्या सासरच्या जुन्या वाड्याची देवडी पावसाने खचली म्हणून उतरवली, तेव्हा तिचे सागवानी दार निघाले. दोन झडपा, प्रत्येक साठ सेंटिमीटर रुंद, एकशे नव्वद उंच, आणि चार सेंटिमीटर जाड. विदर्भाचे सागवान काय चीज आहे हे मी सांगायला नको. त्यात अंगचेच तेल असते. त्यामुळे पाण्याने ते सहजासहजी कुजत नाही, आणि ओल्या-सुक्या हवेत फारसे फुगत-आकसत नाही. होडी बांधणाऱ्यांनी ह्या लाकडावर शतकानुशतके जीव टाकला तो उगाच नव्हे. भाच्याने एक झडप मागितली. ताईने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, ‘घेऊन जा. पण कापायच्या अगोदर काय करायचं ते नक्की करा. ही झडप एकच हाय. चुकली तर दुसरी भेटणार नाही.’ दुसरी झडप ती देणार नव्हती, हे तिच्या बोलण्यात आलेच.

तेव्हा कापण्यापूर्वी ठरवायचे, आणि ठरवण्यात मी. कारण भाच्याने चार आराखडे काढून मामाला पाठवले होते आणि ‘सुताराशी तुम्हीच बोला’ असे खाली लिहिले होते.

पहिला आराखडा पाहून मी मोहित झालो, हे कबूल करतो. हे टेबल पायांवर उभे नसते. दोन टोकांना दोन खिळींवर ते झोके घेते आणि त्याच्या पोटाखाली शिशाचे वजन असते. होडी कलली तरी टेबल सपाटच. होकायंत्र जहाजावर असेच टांगतात. आपल्याला हे तत्त्व नवीन नाही. लामणदिवा साखळीला लावा आणि साखळी हलवा, तेल सांडत नाही. शिंक्यातले दह्याचे मडके हेच करते. आमच्या वऱ्हाडात बंडीच्या दांडीखाली कंदील टांगतात. रस्ता कितीही उखडलेला असो, कंदील आपला ओळंब्यात. शिवाय मी शिरपूरचा. आमच्या गावची ख्याती अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. ती मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी विराजमान आहे ही भाविकांची श्रद्धा. पूर्वी तिच्या खालून घोडेस्वार जाई, असे जुनी माणसे सांगत. अशा गावच्या माणसाला अधांतरी टेबलाचा मोह पडावा ह्यात नवल ते काय?

सुताराने मात्र आराखडा उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, ‘सर, हे टेबल हाय का पायना?’

पाळणा! त्या एका शब्दाने मला कागद-पेन्सिल घेऊन बसायला लावले. समजा, खिळीच्या खाली चाळीस सेंटिमीटरवर बारा किलो शिसे बांधले. वर सहा किलोंची ताटे-भांडी आली. ती खिळीच्या आठ सेंटिमीटर वर. भांडी टेबलाला पालथे घालू पाहतात, शिसे त्याला सरळ ठेवू पाहते, शिसे जिंकते. इथवर ठीक. आता जेवणाराने कडेवर नुसते कोपर टेकले. पाच किलोंचा भार, मध्यापासून सदतीस सेंटिमीटर दूर. हिशेब केला तर टेबल तेवीस अंश कलते. म्हणजे समुद्राने होडी कलवावी आणि टेबलाने तिला दाद देऊ नये. पण पाहुण्याने कोपर टेकताच वरण त्याच्या मांडीवर! चार माणसे कोपर न टेकता जेवणार असतील तर हे टेबल उत्तम. अशी चार माणसे मी अजून एका घरात पाहिलेली नाहीत.

दुसरी अडचण गुडघ्यांची. पाऊण मीटर रुंदीचे टेबल सपाट राहते ते आपल्या दृष्टीने नव्हे, क्षितिजाच्या दृष्टीने. बाके होडीबरोबर कलतात. वीस अंशांवर टेबलाची एक कड बाकाच्या मानाने तेरा सेंटिमीटर वर जाते आणि दुसरी तितकीच खाली येते. तीस अंशांवर जवळजवळ एकोणीस. खालच्या बाजूला बसलेल्याच्या मांड्यांवर ती टेकते. शिवाय पाळण्याला जसा स्वतःचा झोका असतो तसा ह्याही टेबलाला असतो, आणि लाटांचा ताल त्या झोक्याशी जुळला की ते अधिकाधिक डुलू लागते. मधे लहान मुलाची बोटे सापडली तर? हा प्रश्न मी विचारण्यापूर्वीच सूनबाईने फोनवर विचारला. पहिला आराखडा तिथे संपला.

सूनबाईचा स्वतःचा कौल निराळा होता. इंग्रजी यूच्या आकाराचे बाक, मधे एका खांबावर टेबल; रात्री खांब खाली बसवायचा, वर गादी टाकायची, की मायलेकरांना ऐसपैस बिछाना. बंदरात नांगर टाकून राहणाऱ्यांना ही मांडणी फार आवडते, आणि का आवडू नये? दिवाणखाना, शयनगृह आणि भोजनगृह एकाच जागी! परंतु तिच्यातही दोन खोड्या आहेत. खांब वर-खाली होतो म्हणजे त्यात सैलपणा आला. आणि ज्या टेबलावर माणूस आदळणार त्याला सैलपणा चालत नाही. आणि बाक आडवे असले म्हणजे होडी कलताच त्यावर झोपलेल्याचे पाय वर नि डोके खाली, किंवा उलट. होडीच्या लांबीच्या दिशेने असलेल्या बाकावर माणूस फार तर कुशीकडे घरंगळतो, आणि तिथे कापडाचा आडोसा बांधला की निभावते. हे तिला पटवायला मला तीन फोन लागले. तिसऱ्या फोनवर ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही कधी होडीत झोपलात का?’

प्रश्न योग्य होता. मी गोव्याला गेलो.

तिथे मांडवीच्या काठी उभे राहिले की समोर दिवाडी बेट दिसते. ह्याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली गेली. छप्पन्न फुटी, लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतू आणि इपॉक्सी चढवलेली. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन ह्या चार बंदरांत थांबत २०१० च्या मे महिन्यात ते परतले. पृथ्वीला एकट्याने शिडाच्या होडीतून प्रदक्षिणा घालणारे ते पहिले भारतीय. ह्या उपक्रमाचा ध्यास घेतला तो निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून कुठेही न थांबता पाच महिन्यांत फेरी पूर्ण केली. मग त्याच कारखान्यात ‘तारिणी’ झाली; २०१७-१८ मध्ये तिच्यात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी होत्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघीच, दिलना आणि रूपा.

मराठीच्या मास्तराच्या डोक्यात ह्या यादीतून एक गोष्ट भरली, ती आकड्यांची. एक, सहा, दोन. एकट्या माणसाला टेबल कशाला हवे? तो वाडगा छातीशी धरून, कुठेतरी पाठ टेकवून, चमच्याने खाणार. सहाजणीही एकाच वेळी क्वचितच बसणार, कारण दोघी-तिघी पाळीवर वर असणार आणि कोणीतरी झोपलेली असणार. लांबच्या प्रवासात टेबल हे जेवण्यापेक्षा धरण्यासाठी, टेकण्यासाठी आणि दुरुस्तीचे सामान पसरण्यासाठी असते. टेबलाभोवती सगळ्यांनी जमायचे ते नांगर टाकल्यावर. म्हणजे एकच वस्तू, पण तिचे दोन संसार: चालत्या होडीतला आणि उभ्या होडीतला. आमच्या घरातला सगळा वाद ह्या दोहोंच्या घोटाळ्यातून झालेला होता. सूनबाई नांगरलेल्या होडीचा विचार करीत होती, भाचा चालत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या मुखाबाहेर गेलो. वारा भरला, होडी कलली, आणि मी केबिनमध्ये बसून प्रयोग सुरू केले. पाऊण मीटर रुंदीच्या फळीची एक कड वीस अंशांवर दुसरीपेक्षा जवळजवळ सव्वीस सेंटिमीटर उंच होते. हे कागदावर मला माहीत होते, पण समोर ठेवलेली वाटी स्वतःच्या पायांनी चालत यावी तशी माझ्याकडे आली तेव्हा ते समजले. सपाट बशी सर्वांत आधी पळाली. आपले काठाचे ताट बरेच टिकले, कारण काठ अन्नाला अडवतो. पण ताट स्वतः घसरते. खाली ओला पंचा टाकला तेव्हा ते जागचे हलले नाही. पंगतीत द्रोणाला आपण मिठाच्या किंवा भाताच्या आधाराने बसवतो, तीच युक्ती.

आपले कोकणातले खलाशी ह्या फंदात पडलेच नाहीत, असे तिथल्या एका वृद्ध तांडेलाने मला सांगितले. गलबतावर टेबल नसे. मातीने भरलेल्या पेटीत चूल, आणि जेवण फळ्यांवर मांडी घालून, मधे एक परात. माणूस जितका खाली बसेल तितका कमी पडेल. टेबलाचा विचार करणाऱ्याने हा पर्याय मनात ठेवावा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित मांडणी म्हणजे टेबल नसणे. पण ज्या घरात मुलाला चित्रे काढायची आहेत आणि आजीला मांडी घालता येत नाही, तिथे ती चालत नाही.

उरले दोन आराखडे. एक, आडव्या भिंतीला बिजागरीने लावलेले, काम झाले की वर मुडपून टाकायचे. लहान होडीत हे झकास. मधला रस्ता सगळा मोकळा. पण हे टेबल फक्त बाहेरच्या टोकाला एका घडीच्या पायावर उभे, आणि त्याच्यावर माणूस आदळला की काय होते ते आम्ही भुवईच्या दोन टाक्यांत पाहिले होते. आणि रस्ता मोकळा असणे हा होडीत निखळ गुणही नव्हे. रुंद मोकळ्या जागेत तोल गेलेला माणूस पार दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो. मधे काहीतरी भक्कम असले तर तो अर्ध्यावर अडतो.

मग राहिले मधोमधचे: होडीच्या लांबीच्या दिशेने एक अरुंद उभी पेटी, आणि तिला दोन्ही अंगांना दोन पंख. चालत्या होडीत पंख खाली, पेटी हाताशी. उभ्या होडीत पंख वर, सहा माणसांची पंगत. ह्यात काही नावीन्य नाही. जुन्या होड्यांत हेच असे, आणि मला वाटते ते जुने आहे म्हणूनच आमच्या तरुण भागीदारांनी त्याला शेवटी ठेवले होते.

भक्कमपणाबद्दल मी हट्ट धरला त्याला एक कारण होते. मुंबईत १९६३-६४ च्या सुमारास कुलाब्याला एक सागवानी होडी बांधली गेली, तीही बत्तीस फुटीच. तिचे नाव ‘सुहैली’. हिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, १९६९ च्या एप्रिलमध्ये, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मानव म्हणून परतले. दक्षिण महासागरात एका लाटेने सुहैलीला आडवे पाडले, तेव्हा केबिनचे छतच डेकवरून किंचित सरकले. त्याच सुहैलीच्या आराखड्यावर गोव्यात ‘थुरिया’ बांधून अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये वादळात होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. ती इजा काही टेबलाने केली नव्हती, आणि माझा भाचा काही दक्षिण महासागरात जाणार नव्हता; त्याची धाव वेंगुर्ले-मालवणपर्यंत. पण जिथे छत सरकते तिथे चार स्क्रूंची काय कथा!

तेव्हा ठरले ते असे. दोन बाकांमधले अंतर एक मीटर. पेटी बावीस सेंटिमीटर रुंद, नव्वद लांब. दोन्ही पंख छत्तीस-छत्तीस. उघडल्यावर एकूण रुंदी चौऱ्याण्णव. पंख मिटल्यावर दोन्ही बाजूंना एकोणचाळीस सेंटिमीटर रस्ता. माणूस जरासा तिरका होऊन जातो, आणि जाताना पेटी त्याच्या कमरेला आधार देते. झडप मधोमध आडवी कापली की नव्वदच्या लांबीला जुळते, आणि जुन्या खिळ्यांची भोके टाळूनही रुंदी पुरते. रंधून दोन सेंटिमीटर जाडी ठेवली. वरच्या फळ्यांचे वजन अकरा किलोंच्या आसपास. पेटीचे दोन्ही उभे तक्ते तळाच्या फळीत नव्हे, त्याखालच्या आडव्या तुळयांत आरपार बोल्टने आवळायचे. पेटीच्या एका टोकापासून छतापर्यंत पोलादी नळी. टेबलालाही आधार आणि हाताला धरायलाही. पायांशी दोन्ही अंगांना एक आडवी पट्टी, म्हणजे वरच्या बाजूला बसलेल्याला पाय रोवता येतात. कोपरे रुपयाच्या नाण्याएवढे नव्हे, चांगले वाटीएवढे गोल.

आणि काठ. कडेने तीन सेंटिमीटर उंचीची पट्टी, आतून सरळ, म्हणजे ताट तिच्यावर चढून पळत नाही; बाहेरून उतरती, म्हणजे मनगटाला रुतत नाही. चारी कोपऱ्यांत काठ तोडलेला. हे ताईने सुचवले. तिने आराखडा पाहिला नव्हता. मी तोंडी सांगत होतो. ‘कोपऱ्यात काठ जोडला तर खरकटं कुठून काढायचं?’ एवढेच ती म्हणाली. नंतर मला कळले की जगभरचे जाणते होडीवाले कोपरे मोकळे ठेवतात, ते ह्याच कारणासाठी.

सुताराने सव्वा महिना घेतला. जुन्या खिळ्यांनी त्याच्या रंध्याची दोन पाती गेली, आणि सागवानातली वाळूसारखी कच धार बोथट करते म्हणून तो रोज कुरकुरत असे. पंख उचलून धरणाऱ्या सरकत्या पट्ट्या त्याने आराखड्यापेक्षा जाड केल्या. ‘कागदावर पोरगं पडत नाही, सर,’ असे त्याचे म्हणणे. मी हरकत घेतली नाही. टेबल सुटे करून, गोधड्यांत गुंडाळून ट्रकने गोव्याला गेले.

बसवल्यानंतर भाचा आणि त्याचे दोन्ही भागीदार, मिळून दोनशे किलोंच्या वरचा ऐवज, एका बाजूने त्याच्यावर रेलले, मग खांद्याने धडका दिल्या. ते हलले नाही. मला त्यांनी ते फोनवर ऐकवले. नुसते दणके आणि हसणे. फेब्रुवारीत सूनबाई होडीवर गेली. तिने आधी चारी कोपऱ्यांवरून तळहात फिरवला, मग पोराला पेटीच्या नळीला धरून उभे केले आणि नवऱ्याला म्हणाली, बाहेर काढा. परत आल्यावर तिची एकच तक्रार होती. पेटीच्या आतली जागा बाटल्यांसाठी आखली आहे आणि लोणच्याची बरणी तिच्यात जात नाही. मधला आडवा कप्पा काढायचा का, म्हणून सुताराला विचारायचे आहे. पुढच्या खेपेला शिरपूरला जाईन तेव्हा बरणीचे माप घेऊन जाणार आहे.